एका पानाचा धूर

ज्या दिवशी मोजणीबाईने स्वतःचाच आकडा खोटा पाडला, त्या दिवशी सकाळी ती भलत्याच खुशीत घराबाहेर पडली होती. खुशीत का असू नये? ग्रंथालयाच्या दारात शिरल्याबरोबर नजरेत भरेल असा फलक लागला होता, ‘आमच्या नव्या आवाजाचा धूर साठ टक्के कमी’, आणि ते साठ टक्के तिचे होते. म्हणजे तिने मोजलेले. संचालिकाबाईंनी चारचौघांत तिची पाठ थोपटली होती, आणि बाई सहसा स्वतःची सोडून कोणाची पाठ थोपटत नाहीत.

मोजणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते मामाने ठेवलेलं. लहानपणी ती पायऱ्या मोजल्याशिवाय जिना चढत नसे आणि ताटातले वाटाणे मोजल्याशिवाय घास घेत नसे. ते नाव पुढे ऑफिसपर्यंत कसं पोचलं देव जाणे, पण पोचलं आणि चिकटलं.

ऑफिस म्हणजे श्राव्य ग्रंथालय. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा सभासदांना हे ग्रंथालय छापील पुस्तकं यंत्राच्या आवाजात वाचून दाखवतं. सभासद फोनवर पुस्तक निवडतो, दूर कुठल्याशा खोलीतला संगणक त्या पानाचा आवाज त्याला हव्या त्या वेगात तयार करतो आणि तो त्याच्या कानात पडतो. आता प्रोग्रॅम काही चुलीवर चालत नाही. पण संगणकाला वीज लागते, ती वीज कुठेतरी कोळसा जाळून येते, आणि संगणक कारखान्यात घडताना झालेला धूर वेगळाच. हा सगळा कार्बन मोजायचं काम मोजणीबाईकडे आलं. तिने महिनाभर खपून, यंत्रांना वीजमापक लावून, घडणीच्या धुराचा वाटासुद्धा धरून बेरीज चोख केली. राहिला भागाकार. एकूण धुराला भागायचं कशाने? आवाज बनवतो आपण, आवाज मिनिटांत मोजतात, तेव्हा दर मिनिटामागे. बेरजेला महिना दिला आणि भागाकाराला एका कप चहाचा वेळ. पुढचं सगळं रामायण त्या चहातून झालं.

ग्रंथालयात आवाज दोन होते. जुना आवाज किरटा, पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा. नवा आवाज मात्र मधाळ. वाक्य संपलं की माणसासारखा श्वास घ्यायचा, परिच्छेद संपला की जरा थांबायचा. मोजणीबाईच्या कागदावर जुन्याचा धूर मिनिटाला पंचाहत्तर मिलिग्रॅम आला आणि नव्याचा तीस. वरच्या समितीने आधीच ठरवलं होतं की दोन आवाज चालवण्याची चैन नको. ज्याचा धूर कमी तो राहील. त्या दिवशी तीन वाजता बैठकीत शिक्कामोर्तब, आणि पाच वाजता जुना आवाज बंद.

ऑफिसला जाता जाता ती रोज मामाकडे डोकावायची. त्याचं टपाल वाचून दाखवायची आणि पुढे निघायची. मामा बहात्तर वर्षांचा, एकटा राहणारा. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. पंचेचाळिसाव्या वर्षी दृष्टी अधू होऊ लागली, पन्नाशीला दिवा पार विझला. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत ऊन, आणि भिंतीलगत एक दोरी, जिच्या टोकाला त्याचा फोन बांधलेला; कारण फोन कुठे ठेवला हे शोधण्यात त्याला आयुष्य घालवायचं नव्हतं.

ती आत आली तेव्हा त्याच्या कानाला हेडफोन होता, आणि त्यातून नुसती गुणगुण ऐकू येत होती, डबीत माशी अडकल्यासारखी.

“टपाल राहू दे,” मामा म्हणाला. “आज पाचला माझा वाचक जातोय. तोवर जेवढी उरकतील तेवढी पानं उरकतो.”

“मामा, नवा आवाज किती गोड आहे. ऐकून तर बघ.”

“ऐकला. महिनाभर ऐकला. गोड आहे, पण बोलताना अधूनमधून झोप काढतो. पळवला तर दीडपटीपुढे शब्द एकमेकांत कालवतो, गुळणी तोंडात धरून बोलल्यासारखा.” त्याने हेडफोन काढला. “या डबड्याला मात्र कितीही पळव, अक्षर न् अक्षर वेगळं. माझ्या यादीत चारशे पुस्तकं आहेत, मोजणीबाई. याच्याबरोबर दिवसाला एक होतं, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष. त्याच्याबरोबर एकाला तीन दिवस. तीन वर्षांच्या वर गेलं ते. आणि माझं वय तुला माहीत आहे.”

हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो बसचं वेळापत्रक सांगावं तसं म्हणाला. 

“त्या आवाजाचा धूर म्हणे कमी आहे,” मामा पुढे म्हणाला. “कोणा गाढवाने मोजलं कोण जाणे.”

“ते गाढव मी आहे, मामा.”

मामाने चेहरा तिच्या बाजूला वळवला. मग म्हणाला, “बरोबर मोजलंस का?”

“वीज अगदी बरोबर मोजली.”

“मग झालं तर. बरोबर असेल तर असेल. गाढव शब्द मागे घेतो.”

पण मोजणीबाईला तो मागे घेतलेला शब्द टोचत राहिला. आजवर तिला वाटायचं की मामाचं हे भरधाव ऐकणं म्हणजे मामाचा विक्षिप्तपणा. आज पहिल्यांदा तिने विचारलं, “बाकीचे सभासद पण असंच ऐकतात का रे?”

“जुने सगळेच. तू ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचतेस का? मग आम्ही का वाचावं?”

तिने पर्समधून फोन काढला आणि त्यावर स्टॉपवॉच लावलं. “हे पान पहिल्यापासून लाव.” गुणगुण सुरू झाली, संपली. एक्केचाळीस सेकंद. “आता तेच पान नव्या आवाजात, न पळवता.” नवा आवाज बोलू लागला, श्वास घेऊ लागला, थांबू लागला. तीन मिनिटं आणि वर चार सेकंद.

पान एकच होतं. शब्द तेच, स्वल्पविराम तेच. जुन्याने ते पाऊण मिनिटात संपवलं म्हणून धूर पाऊण मिनिटावर चढला. नव्याने रेंगाळत तीन मिनिटं घेतली म्हणून त्याचा धूर तीन मिनिटांवर पातळ पसरला. म्हणजे ती ज्याला स्वच्छपणा म्हणत होती तो नुसता संथपणा होता. मोजणीबाई खुर्चीतून ताडकन उठली. तिचे कान गरम झाले होते, लाजेने की आनंदाने हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण चूक सापडल्याचा आनंद हा फार निर्लज्ज आनंद असतो, आणि तो तिच्या अंगात भिनला होता.

“मामा, मी चुकले,” ती म्हणाली, आणि हे वाक्य इतक्या उत्साहात कोणी म्हटल्याचं मामाने जन्मात ऐकलं नव्हतं. टपाल तसंच टाकून ती जिना उतरली, पायऱ्या न मोजता.

ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर आवाजवाला बसायचा. नवा आवाज हे त्याचं अपत्य. तीन वर्षं त्याने तो श्वास, तो विराम घडवला होता. तिच्याएवढाच वयाने, स्वभावाने हळवा, आणि आवाजाला कोणी नावं ठेवली की दोन दिवस अबोला धरणारा. त्याला हे सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. पण मोजणीबाईला थांबायला धीर कुठला?

“भागाकार चुकलाय,” म्हणत तिने पर्स टेबलावर टाकली.

“वीज चुकीची मोजलीस?”

“वीज बरोबर आहे. खालचा आकडा चुकलाय. मिनिट हे आपलं काम नाहीच. पान हे आपलं काम. कोणी आपल्याकडे तीन मिनिटं मागायला येत नाही, पान मागायला येतो.”

आणि तिने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून काढलं. बनलेल्या मिनिटांना पानांनी भागलं तर जुने सभासद एक पान सरासरी अठ्ठेचाळीस सेकंदांत ऐकतात. मिनिटाला पंचाहत्तर, म्हणजे पानाला साठ मिलिग्रॅम. नव्याचं पान तीन मिनिटांचं. मिनिटाला तीस, म्हणजे पानाला नव्वद. साठ आणि नव्वद. सगळं उलटं झालं होतं.

आवाजवाला फळ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला. मोजणीबाईला वाटलं, आता दोन दिवसांचा अबोला. पण तो उठून फळ्याजवळ गेला, ‘पान’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, “हे पण बरोबर नाहीये.”

“का?”

“पान बनलं म्हणजे वाचलं गेलं असं कुठेय? जुना आवाज फार तर एक पान पुढचं बनवून ठेवतो. माझं यंत्र जड आहे, त्याला जागं व्हायलाच पंधरा मिनिटं लागतात. म्हणून कोणी पुस्तक नुसतं उघडलं तरी मी सगळी तीनशे पानं एका दमात बनवून टाकतो. त्यातली ऐकली किती, ते मी कधी बघितलंच नाही.”

“मग बघ.”

ऐकलेल्या पानांची नोंद यंत्रात होतीच. सभासदाला पुढच्या वेळी खूण सापडावी म्हणून ती ठेवलेली असते, नावाशिवाय, नुसत्या सभासद क्रमांकावर. त्याने ती काढली. मोजणीबाई त्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकं घालून उभी. गेल्या महिन्यात नव्या आवाजात बनलेली पानं चार लाख ऐंशी हजार. शेवटपर्यंत ऐकलेली ऐंशी हजार.

“सहातलं एक,” ती हळूच म्हणाली.

“चार लाख पानं,” आवाजवाला म्हणाला, “माझा आवाज रिकाम्या खोलीत बोलत होता.” त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तो खाली बसला, चष्मा पुसला, परत घातला. आणि मग त्याच्याही चेहऱ्यावर ती निर्लज्ज चमक आली. “पण थांब. म्हणजे धूर माझ्या आवाजाचा नाहीये फारसा. धूर न ऐकलेल्या पानांचा आहे. कोणी मागेल तेव्हाच मी पान बनवलं, यंत्र दिवसभर जागं ठेवलं, तरी पानामागे शंभराच्या आसपास येईल. आज किती येतं?”

“नव्वद गुणिले सहा. पाचशे चाळीस. जुन्याचं, पुढची न ऐकलेली पानं धरून, सहासष्ट.”

दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटले. वास्तविक हसण्यासारखं काय होतं? एकाचा आवाज आणि दुसरीचा आकडा, दोन्ही एकाच सकाळी पालथे पडले होते. पण महिनोन्महिने चाचपडल्यावर कुलूप उघडलं की माणूस आत काय आहे ते नंतर बघतो, आधी नाचतो. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने दोघांना शू केलं.

मग मोजणीबाईला बाईंची आठवण झाली आणि हसू ओसरलं. तिच्या आकड्याचा फलक दारात लागला होता. तो खोटा आहे हे बाईंना भर बैठकीत सांगायचं, आणि तेही पाचच्या आत.

“त्या म्हणतील, निकाल आवडला नाही म्हणून माप बदललं,” ती म्हणाली. “आणि माझा मामा सभासद आहे हेही त्यांना माहीत आहे.”

 दोघांनी जेवणाचे डबे उघडले आणि न जेवता बंद केले. पावणेदोनला मोजणीबाई एकदम म्हणाली, “आपल्या जुन्या मापाने जगातला सगळ्यात स्वच्छ आवाज बनवायला तुला किती वेळ लागेल?”

त्याला ते समजायला दोन सेकंद लागले. “दहा मिनिटं,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

तीन वाजता बैठक भरली. लांब टेबल, पाण्याचे पेले, समितीची पाच माणसं, आणि मधोमध संचालिकाबाई. बाई कडक, पण कान शाबूत असलेल्या. मोजणीबाईने आडवळण न घेता सांगून टाकलं की फलकावरचा आकडा चुकीचा आहे, चूक तिची आहे, आणि का आहे. साठ, नव्वद, सहासष्ट, पाचशे चाळीस. 

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात मिनिट. आज म्हणता ऐकलेलं पान. उद्या म्हणाल पुस्तक. माप असं सोयीने बदलायला लागलं तर मोजायचं कशाला? आणि तुमच्या घरचं माणूस जुन्या आवाजाचं आहे, हे मी विसरलेले नाही.”

“नका विसरू,” मोजणीबाई म्हणाली. “त्याच्याकडेच मला चूक सापडली. पण तुम्ही त्याचं ऐकू नका, माझंही ऐकू नका. आम्ही एक तिसरा आवाज आणलाय. आपण मान्य केलेल्या मापाने त्याचा धूर मिनिटाला फक्त आठ मिलिग्रॅम आहे. नव्याच्या चौथाईच्या जवळपास. तो ठेवा.”

समितीतले सरसावून बसले. आठ म्हणजे काय थोडं झालं? आवाजवाल्याने बटण दाबलं. मधाळ आवाजात पहिलं वाक्य आलं, “तो दार उघडून बाहेर आला.”

आणि शांतता.

शांतता चालूच राहिली. कोणीतरी खोकलं. एकाने पाण्याचा पेला उचलला, प्यावं की नाही या विचारात तसाच धरला. बाईंनी भुवया उंचावल्या. वीस सेकंद ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याला बघायचं असेल त्याने एकदा अशा टेबलाशी बसावं. मग आवाज म्हणाला, “बाहेर ऊन होतं.” आणि परत शांतता.

“पुढे?” बाईंनी विचारलं.

“अजून तेवीस वाक्यं आहेत,” आवाजवाला नम्रपणे म्हणाला. “पान अकरा मिनिटांचं आहे. शांततेला वीज लागत नाही, पण मिनिटं भरतात.”

त्या शांततेत समितीतला एक जण फस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी हात वर केला. “बंद करा.”

“हेच,” मोजणीबाई म्हणाली, आणि आता तिला स्वतःला आवरता येईना. “बाई, हेच. तुम्ही दोन वाक्यांत बंद करा म्हणालात. कोणीही म्हणेल. मिनिटाने भागलं तर हा आवाज पहिला येतो. ऐकून संपवलेल्या पानाने भागलं तर याचं एकही पान मोजलं जात नाही, कारण कोणी संपवणारच नाही. माप मला सोयीचं आहे की नाही ते सोडा. कोणतं माप फसवता येतं ते बघा. मिनिटं आम्ही इथे बसून वाढवू शकतो. ऐकलेलं पान आम्हाला वाढवता येत नाही, ते फक्त ऐकणाराच वाढवू शकतो.”

बाईंनी समोरच्या कागदावर चारही आकडे एकाखाली एक लिहिले.  मग त्यांनी विचारलं, “गेल्या महिन्याचा आपला आकडा या मापाने जाहीर केला तर?”

“लाज वाटेल असा आहे.”

“आणि आज पाचला काय बंद करायचं?”

“न ऐकलेली पानं,” आवाजवालाच म्हणाला. मोजणीबाईने त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांच्या अपत्याबद्दल बोलत होता, आणि त्याचा सूर जरासुद्धा हलला नव्हता. “नवा आवाज मी आजच मागेल त्या पानावर आणतो. दोन आठवडे अडखळेल, मग सुधारेल. नवखे सभासद त्याच्यावर जीव लावून आहेत, त्यांचा तो काढू नका. आणि जुना तर मुळात कमी धुराचाच आहे. दोन्ही ठेवले तरी धूर आजच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर येईल.”

बाईंनी कागद पुढे सरकवला. “माप एका वाक्यात लिहा. मला उद्या कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.”

मोजणीबाईने लिहिलं: एक एकक म्हणजे एक पान, जे सभासदाने स्वतः उघडलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, खाली सही केली आणि म्हणाल्या, “फलक तुमच्या हातांनी काढा.” यात शिक्षा किती आणि मान किती, याचा अंदाज कोणालाच आला नाही. मोजणीबाईने तो मान समजून घेतला, कारण शिक्षा समजायला तिला सवड नव्हती. घड्याळात साडेचार होऊन गेले होते आणि जुना आवाज बंद करण्याची आज्ञा यंत्राला आधीच देऊन ठेवलेली होती.

दोघं जिन्यावरून धावत सुटले. आवाजवाल्याला गडबडीत परवलीचा शब्द आठवेना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला असता तर यंत्राने त्याला तासभर दारात उभं केलं असतं. “हळू,” मोजणीबाई म्हणाली, “एकेक अक्षर.” त्याने एकेक अक्षर टिपलं. दार उघडलं. पाचला आठ मिनिटं कमी असताना आज्ञा रद्द झाली. मोजणीबाई तिथेच जमिनीवर बसली.

पाच वाजले. पडद्यावर जुन्या आवाजाखाली ऐकलेल्या पानांचा आकडा होता. तो थांबला नाही. एकाने वाढला, मग तिनाने, मग परत एकाने. दूरच्या कुठल्या कुठल्या खोल्यांतून माणसं पानं संपवत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे शेवटचं.

तिने मामाला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

“आवाज राहिला, मामा. कायमचा.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.  तिला सगळं सांगायचं होतं, ती शांतता, ती सही, तो फलक.

“बरं,” मामा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. “ठेव आता. तुझ्या फोनने पान अर्ध्यावर तुटलंय.”

मोजणीबाईने पुढचा एक शब्द न बोलता फोन ठेवला. अर्धं पान तिच्या मापात बसत नव्हतं.